जुहूची एक तार, चांदिवलीच्या दोन केबल

जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणक केंद्रातून ती १९८५ मध्ये स्वतंत्र झाली. डॉ. एस. रमणी तिचे पहिले संचालक. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 'अर्नेट' हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूची ही संस्था असे आठ भागीदार होते. सुरुवातीची ई-मेल जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून गेली. त्या दशकाच्या अखेरीस एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत भाड्याची लाइन मिळाली. तिचा वेग होता ९.६ किलोबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम हजार-बाराशे रोमन अक्षरे. देशभरच्या प्राध्यापकांची परदेशी पत्रे त्या एका वाटेने जात-येत.

त्या तारेने दोन प्रश्न पुढे ठेवले. ती बंद पडली तर काय? आणि एकाच तारेवरून अनेकांचे व्यवहार एकमेकांत न मिसळता कसे न्यायचे? आज अंधेरीच्या एखाद्या कंपनीत लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा सिस्टम अ‍ॅडमिन सर्व्हरमागे दोन केबल लावतो, त्यांचा 'बाँड' करतो आणि त्यावर 'व्हीलॅन' मांडतो, तेव्हा तो याच दोन प्रश्नांची उत्तरे देत असतो. ही उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या गरजांतून जन्मली.

पहिले उत्तर नासाच्या गॉडार्ड केंद्रातले. १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साध्या ४८६ संगणकांचा समूह बांधला आणि त्याला 'बेओवुल्फ' नाव दिले. प्रोसेसर वेगवान, पण त्यांना जोडणारे इथरनेट १० मेगाबिटचे. वेगवान स्विच परवडण्याजोगे नव्हते. म्हणून बेकर यांनी प्रत्येक संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवली आणि लिनक्सला ती एकच आहेत असे भासवणारा कोड लिहिला. बाँडिंगचा उगम हा असा आहे. तुटवड्यावर शोधलेला तो उपाय होता. बंद पडण्यापासूनचे संरक्षण हा त्याचा उपयोग नंतर पुढे आला.

स्वस्त, सुटे संगणक जोडून मोठे काम करवून घेण्याची वाट मुंबईलाही अनोळखी नव्हती. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुपम' ही समांतर संगणकांची मालिका १९९१ पासून चालू होती. पुढे तिच्यातही बाजारात मिळणारे पेंटियम संगणक आणि लिनक्स आले. मुलुंड-घाटकोपरच्या छोट्या संगणक दुकानदारालाही बेकर यांचे काम नकळत उपयोगी पडत होते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले स्वस्तातले रिअलटेक ८१३९ कार्ड लिनक्सवर चालायचे ते मुळात त्यांनीच लिहिलेल्या ड्रायव्हरवर. ज्या माणसाने दोन कार्डे एकत्र बांधायची युक्ती दिली, त्यानेच गरिबाच्या कार्डालाही वाचा दिली. या इतिहासातली ही गोष्ट अधिक लोकांना माहीत असायला हवी.

दुसरे उत्तर बेलकोअर या अमेरिकी दूरध्वनी संशोधन संस्थेतले. डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्की १९८० च्या दशकात इथरनेट मोठ्या पसाऱ्यावर नेण्याच्या खटपटीत होते. सगळे संगणक एकाच जाळ्यात ठेवले, तर एकाची हाक सगळ्यांना ऐकू जाते. त्यावर त्यांनी प्रत्येक फ्रेमवर ती कुठल्या जाळ्याची आहे याची खूण लावण्याचा उपाय काढला. १९९८ मध्ये ८०२.१क्यू या मानकाने तो पक्का झाला. ही खूण म्हणजेच व्हीलॅनचा 'टॅग'. तो चार बाइटचा असतो आणि त्यातले १२ बिट क्रमांकासाठी असतात. क्रमांक ४,०९६, टोकाचे दोन राखीव, उरले ४,०९४.

मुंबईकराला ही कल्पना समजायला पिनकोड पुरे. संस्कृत कवी आणि डाक खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. बोरिवली पश्चिम ४०००९२, मुलुंड पश्चिम ४०००८०. पत्रे एकाच गाडीतून येतात, पण क्रमांक पाहून प्रत्येकाची थैली वेगळी होते. व्हीलॅनचा टॅग स्विचसाठी हेच काम करतो.

उपनगरांत या वेगळेपणाची गरज घरगुती इंटरनेटने दाखवून दिली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि लवकरच केबलवाला टीव्हीबरोबर इंटरनेटही देऊ लागला. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली लॅन केबल, जिन्याखालच्या पेटीत साधा स्विच. टॅग वगैरे नसलेल्या अशा सपाट जाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या संगणकाचे सामायिक फोल्डर आपल्या पडद्यावर दिसू शकत, आणि एका घरातला व्हायरस सगळ्या गल्लीला त्रास देई. स्विच महाग होते, ग्राहक महिन्याकाठी मोजके पैसे देत होता. सगळा दोष केबलवाल्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. टॅग समजणारे स्विच स्वस्त झाले, तसे हे चित्र पालटले.

लिनक्समध्ये व्हीलॅनचा कोड बेन ग्रीअर यांनी लिहिला आणि तो २००१ मध्ये मूळ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. २००७ च्या फेब्रुवारीत कर्नलच्या २.६.२० आवृत्तीबरोबर व्हर्च्युअल मशीन चालवण्याची 'केव्हीएम' ही सोय आली आणि कुठलाही बऱ्यापैकी सर्व्हर अनेक व्हर्च्युअल मशीनचा होस्ट होऊ लागला. इथे बाँडिंगचे महत्त्व पालटले. पूर्वी एक कार्ड गेले की एक सेवा बंद पडे. आता त्याच कार्डावर हिशेबाचे, मेलचे, वेबसाइटचे अशी वीस मशीन अवलंबून असतात.

मांडणीचा क्रम ठरलेला असतो. सर्वांत खाली दोन खरी कार्डे, त्यांच्यावर 'बाँड०', बाँडवर 'बाँड०.१०', 'बाँड०.२०' असे व्हीलॅन, प्रत्येक व्हीलॅनवर एक ब्रिज, म्हणजे होस्टच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच, आणि ब्रिजला जोडलेली व्हर्च्युअल मशीन. व्हीलॅन बाँडच्या वर ठेवले की दोन केबलची देखरेख एकाच जागी राहते. होस्टचा स्वतःचा आयपी पत्ता व्यवस्थापनाच्या वेगळ्या व्हीलॅनवर असावा. ग्राहकाच्या मशीनला होस्टचे दार दिसूच नये, हा यातला सर्वांत शहाणपणाचा नियम.

बाँडचे सात प्रकार आहेत, पण होस्टवर खरे उपयोगी दोन. 'अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप'मध्ये एक केबल काम करते आणि दुसरी राखीव असते. स्विचवर वेगळे काही करावे लागत नाही. ८०२.३एडी या २००० सालच्या मानकात दोन्ही केबल काम करतात, मात्र स्विचच्या बाजूलाही त्यांची जोडी बांधावी लागते. तिथे दुपटीच्या वेगाची अपेक्षा ठेवणारे फसतात: एका जोडणीची पॅकेटे एकाच केबलने जातात, त्यामुळे एक फाइल उतरवताना वेग वाढत नाही. बेकर यांच्या समूहातली आळीपाळीची पद्धत एकाच जोडणीचा वेग वाढवते खरी, पण पॅकेटे मागेपुढे पोचतात आणि टीसीपी त्यांना हरवलेली समजून पुन्हा पाठवू लागते.

दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये लावल्या, तर स्विच गेला की बाँडसकट सगळे गेले. हा धडा मुंबईला मोठ्या मापावर मिळाला आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारताचा पश्चिमेकडचा इंटरनेट मार्ग कोलमडला. पूर्वेकडच्या मार्गाने वाहतूक वळवावी लागली. दोन केबल होत्या, पण एकाच अरुंद पट्ट्यातून आल्या होत्या. मुंबईत येणाऱ्या अनेक समुद्री केबल आजही वर्सोव्याच्याच किनाऱ्यावर लागतात, ही काळजी करण्यासारखीच बाब आहे.

तिथून थोड्याच अंतरावर, साकी विहार रोड आणि चांदिवलीच्या पट्ट्यात, डेटा सेंटरची वस्ती उभी राहिली. १९९८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या नेटमॅजिकमधला मोठा हिस्सा २०१२ मध्ये जपानच्या एनटीटीने घेतला. चांदिवलीतले जीपीएक्सचे केंद्र २०२१ मध्ये इक्विनिक्सकडे गेले. एकाच इमारतीत इतके ग्राहक आले की ४,०९४ क्रमांक अपुरे पडू लागतात. त्यासाठी २०१४ मध्ये 'व्हीएक्सलॅन'चा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात क्रमांकासाठी २४ बिट आहेत, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक जाळी.

बाँडिंगला मात्र तसा वारस मिळालेला नाही. रेड हॅट कंपनीने २०१४ मध्ये आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत 'टीम' नावाचा नवा ड्रायव्हर पर्याय म्हणून पुढे केला. २०२२ च्या नवव्या आवृत्तीत तोच मोडीत काढण्याच्या यादीत टाकला आणि वापरकर्त्यांना पुन्हा जुन्या बाँडकडे जाण्याचा सल्ला दिला. बदलली ती लिहिण्याची रीत: फाइलींमध्ये हाताने भरलेल्या ओळींच्या जागी आता नेटवर्क मॅनेजरचे आदेश आले आहेत. पण काम नीट झाले की नाही हे तपासायला अ‍ॅडमिन आजही रात्रपाळीत रॅकमागे जातो, एक केबल उपसतो आणि पडद्यावरचे पिंग चालू राहते का ते पाहतो.