नेवाशाचे ‘निमिष’ : ज्ञानेश्वरीतील ध्यानविचार आणि अहमदनगर जिल्ह्यातील त्याची परंपरा

सारांश

ईश्वराकडे चित्त वळविणे हा हिंदू ध्यानपरंपरेचा मध्यवर्ती विषय आहे. मराठीत या विषयाची सविस्तर मांडणी इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत आढळते. या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील योग आणि बाराव्या अध्यायातील भक्ती यांना परस्परविरोधी किंवा चढत्या-उतरत्या पायऱ्या मानण्याचा प्रघात आहे. ज्ञानेश्वरांनी दोन्ही अध्यायांत मनाच्या सवयीचा एकच विचार मांडला असून त्यातून ध्यानाच्या अधिकाराचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. हा विचार जिल्ह्यातील पुढील संतवाङ्मयात कसा प्रकट झाला, याचाही येथे मागोवा घेतला आहे.

बीजशब्द : ध्यान, अभ्यासयोग, अधिकार, ज्ञानेश्वरी, शेख महंमद, महिपती.

१. प्रस्तावना

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हा मध्ययुगीन मराठी संतवाङ्मयाच्या दृष्टीने अत्यंत समृद्ध प्रदेश आहे. प्रवरेच्या काठचे नेवासे, शेख महंमदांचे श्रीगोंदे, निळोबारायांचे पिंपळनेर, महिपतींचे ताहाराबाद, तसेच नाथपंथीयांचे मढी ही स्थाने याच जिल्ह्यात येतात. या स्थानांचा अभ्यास प्रायः चरित्रात्मक किंवा सांप्रदायिक अंगाने झाला आहे. या परंपरेतील साधकाने आपले चित्त ईश्वराकडे नेमके कसे वळवावे आणि तसे करण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नांचा इतिहास मात्र स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे.

ज्ञानेश्वरीच्या उपसंहारात गोदातीरीचा प्रदेश, श्रीमहालया हे दैवत व यादव राजा रामचंद्र यांचा उल्लेख आहे, तर अखेरच्या ओवीत शके १२१२ हे वर्ष आणि लेखक सच्चिदानंदबाबा यांचे नाव येते. नेवासे येथील ज्ञानेश्वर मंदिरातील ‘पैस’ खांब या ग्रंथाच्या निर्मितीचा साक्षीदार मानला जातो. त्यावरील संस्कृत शिलालेख देवापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. नित्य उपासनेसाठी समाज नियमित तरतूद करीत असे, याचा हा स्थानिक पुरावा होय.

२. सहावा अध्याय : आसन, देह आणि अधिकार

गीतेच्या सहाव्या अध्यायात ४७ श्लोक असून प्रचलित प्रतीनुसार ज्ञानेश्वरांनी त्यांवर ४९७ ओव्या रचल्या आहेत. आसनासाठी शुद्ध जागा निवडावी, एवढेच गीता सांगते. ज्ञानेश्वर त्या जागेचे विस्तृत वर्णन करतात. तेथे पोहोचताच पाखंड्यालाही तप करावेसे वाटावे आणि विलासी राजालाही राज्य सोडावेसे वाटावे, असे ते स्थान असते. त्यानंतर मूळ गीतेत नसलेले कुंडलिनीच्या जागृतीचे विवेचन येते. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी आपली गुरुपरंपरा ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात सांगितली आहे. हे विवेचन म्हणजे त्या नाथपरंपरेचेच धन होय.

या वर्णनानंतर अर्जुन जो प्रश्न विचारतो, तो ध्यानाच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हा अर्जुनही गीतेतील नसून ज्ञानेश्वरांनी बोलता केलेला आहे. ही साधना ज्याच्या अंगी योग्यता आहे त्यालाच साधते काय, असे तो विचारतो. श्रीकृष्णाच्या मुखाने ज्ञानेश्वर उत्तर देतात की योग्यता ही प्राप्तीच्या अधीन असते. योग्य माणसांची कोठे खाण नसते. जो थोडा विरक्त झाला आणि ज्याने देहाचे व्यवहार नियमित केले, तोच अधिकारी होय. अधिकार जन्माने किंवा पूर्वसिद्ध गुणाने ठरत नाही. साधनेच्या ओघातच तो निर्माण होतो.

या उत्तरामागील ऐतिहासिक संदर्भ दुर्लक्षिता येत नाही. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या पित्याची ही भावंडे धर्मशास्त्राने संस्कारांस अपात्र ठरविली होती, असे परंपरा सांगते. ज्याला स्वतःला अधिकार नाकारला गेला, त्याने अधिकाराची व्याख्याच बदलली, असा या ओव्यांचा अर्थ लावता येतो.

३. मनाची सवय : दोन अध्यायांतील समान सूत्र

सहाव्या अध्यायात कुंडलिनीइतकेच महत्त्वाचे, परंतु कमी चर्चिले गेलेले विवेचन चंचल मनासंबंधी आहे. मन जेथे जेथे धावेल तेथून त्याला परत आणावे, असे गीता सांगते (६.२६). यावरील भाष्यात ज्ञानेश्वर आधी एक निश्चय करण्यास सांगतात. त्याने मन स्थिर झाले तर कार्य साधलेच. ते स्थिर न झाले, तर त्याला खुशाल मोकळे सोडावे, कारण ते जेथे जाईल तेथून केलेला नियमच त्याला घेऊन येईल आणि हळूहळू त्याला स्थैर्याची सवय लागेल. येथे मनाचे दमन अभिप्रेत नाही. त्याच्या धावण्याचाच शिक्षणासाठी उपयोग केलेला आहे.

पुढे मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे अशी अर्जुनाची तक्रार येते, आणि गीता अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगते (६.३५). ज्ञानेश्वर या ठिकाणी मनाचा एक चांगला गुण दाखवितात. ज्या गोडीचा त्याला अनुभव आला, त्या गोडीला ते सोकते. म्हणून त्याला आत्मसुखाची चव दाखवीत राहावे. विषयांकडे ओढणारा मनाचा जो स्वभाव दोष मानला जातो, तोच येथे साधनेचे भांडवल ठरतो.

बाराव्या अध्यायात २० श्लोकांवर २४७ ओव्या आहेत. अव्यक्ताची उपासना करणाऱ्यांचे कष्ट सांगताना थंडी गुंडाळावी, उष्णता पांघरावी, पावसात घर करावे अशा प्रतिमा ज्ञानेश्वर वापरतात. त्यानंतर गीतेची प्रसिद्ध पायऱ्यांची मांडणी येते : मन व बुद्धी ईश्वरात ठेवणे, ते न जमल्यास अभ्यास, तोही न जमल्यास ईश्वरासाठी कर्म, आणि तेही न जमल्यास कर्मफलाचा त्याग (१२.८ ते ११).

यांपैकी अभ्यासाच्या पायरीवर ज्ञानेश्वरांनी कालाचे एक माप दिले आहे. संपूर्ण चित्त देता येत नसेल, तर आठ प्रहरांतील केवळ एक निमिष ईश्वराला द्यावे. त्या निमिषात जितके सुख अनुभवास येईल, तितकी विषयांविषयी अरुची उत्पन्न होईल. शरद ऋतूत नदी ओसरू लागते, पौर्णिमेनंतर चंद्रबिंब दिवसेंदिवस क्षीण होत अमावास्येला दिसेनासे होते, त्याप्रमाणे चित्त भोगातून निघून ईश्वरात प्रवेश करते, असे दृष्टांत ते देतात. दोन्ही दृष्टांत ऱ्हासाचे आहेत आणि दोहोंतील बदल एका दिवसात डोळ्यांना दिसत नाही. अभ्यासाची गती अशीच असते, हे त्यांतून सूचित होते.

सहाव्या अध्यायातील ‘गोडी’ आणि बाराव्या अध्यायातील ‘निमिष’ यांमागील विचार एकच आहे : अनुभवलेल्या सुखामुळे मनाची सवय पालटते. त्यामुळे योगाचा अध्याय मागे टाकून ज्ञानेश्वर भक्तीकडे वळले, हे सुलभीकरण टिकत नाही. बदलते ते साधनेचे एकक. एकांत जागा, आसन आणि देहबंध यांच्या जागी काळाचा एक अंश येतो. जागा सर्वांना उपलब्ध नसते; निमिष मात्र प्रत्येकाजवळ असते.

४. श्रीगोंदे आणि ताहाराबाद : परंपरेची दोन रूपे

सतराव्या शतकात श्रीगोंदे येथील शेख महंमद यांनी शके १५६७ (इ.स. १६४५) मध्ये ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. मुस्लिम घराण्यात जन्मलेले शेख महंमद हे चांद बोधले यांचे शिष्य होते. ग्रंथाच्या नावातच योग आणि युद्ध यांची सांगड आहे. अंतरंगातील विकारांशी साधकाने करावयाचा संघर्ष हा त्याचा विषय होय. ज्ञानेश्वर मनाला गोडी लावू पाहतात, तर शेख महंमद त्याच मनाला रणांगण मानतात. भूमिकेत हा भेद असला, तरी योगाची परिभाषा जन्माने हिंदू नसलेल्या साधकाने मराठीत हाताळावी आणि वारकरी समाजाने त्याला संत म्हणून स्वीकारावे, ही घटना योग्यतेविषयीच्या नेवाशातील उत्तराशी सुसंगत आहे.

अठराव्या शतकात ताहाराबादचे महिपती (१७१५ ते १७९०) यांनी ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांतून ध्यानाचे विवेचन न करता ध्यानस्थ माणसांची चरित्रे सांगितली. दळणकांडण करणारी जनाबाई, मळा राखणारा सावता, माती तुडविणारा गोरा कुंभार हे सारे कामात असतानाच ईश्वरचिंतन करतात. ‘निमिष’ येथे विस्तारून सगळा कामाचा दिवस व्यापते. मात्र महिपतींनी याची किंमत लपविलेली नाही. भजनात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचे मूल तुडविले जाते, आणि त्यांच्या पत्नीचा आक्रोश कथेत स्पष्ट ऐकू येतो. पुढे ईश्वरकृपेने मूल परत मिळते, तरी चित्त ईश्वराकडे वळले म्हणजे भोवतालच्या माणसांचे काय, हा प्रश्न कथेने उभा केलेलाच आहे.

महिपती स्वतः गावचे कुलकर्णी होते. पूजेत असताना जहागीरदाराचे तातडीचे बोलावणे आले. पूजा आटोपून ते गेले, काम पुरे केले आणि त्यानंतर लेखणी केवळ संतचरित्रांसाठी चालविण्याचा निश्चय केला, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी उपजीविका आणि उपासना यांत वाटल्या गेलेल्या वेळेचा ताण त्या काळच्या वतनदारालाही जाणवत होता, हे तिच्यातून दिसते.

५. आधुनिक काळ

विसाव्या शतकात या जिल्ह्यातील ध्यानविचार गुरुकेंद्रित झाला. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ओवीबद्ध ‘श्रीसाईसच्चरिता’त कासवी केवळ दृष्टीने पिलांचे पोषण करते, हा पारंपरिक दृष्टांत गुरुशिष्यसंबंधासाठी योजिला आहे. अरणगावजवळील मेहेराबाद येथे मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धारण केले, ते १९६९ मधील देहत्यागापर्यंत पाळले. त्यांच्या प्रवचनांत ध्यानाचे सविस्तर वर्गीकरण आढळते. बुद्धी, हृदय आणि कृती यांच्या आधारे होणारे ध्यान ते वेगवेगळे सांगतात. सर्वांना एकच पद्धत लागू पडत नाही, हे बाराव्या अध्यायातील पायऱ्यांचेच तत्त्व तेथे नव्या परिभाषेत दिसते.

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होत असून महाविद्यालयांतूनही योग व ध्यानाचे कार्यक्रम होतात. त्यांत ध्यानाकडे बहुधा ताणमुक्तीचे साधन म्हणून पाहिले जाते. अल्प वेळाचा आग्रह ज्ञानेश्वरीतही आहे. परंतु तेथील निमिष विश्रांतीसाठी नाही. उरलेल्या आठ प्रहरांची रुची पालटावी, यासाठी ते आहे. अध्यापनात हा भेद स्पष्ट होणे गरजेचे आहे.

६. निष्कर्ष

१) ज्ञानेश्वरीतील सहावा व बारावा अध्याय मनाच्या सवयीच्या समान सूत्राने जोडलेले आहेत, त्यांना योगाकडून भक्तीकडे झालेले स्थित्यंतर मानणे अपुरे आहे.

२) योग्यता प्राप्तीच्या अधीन मानल्याने ध्यानाच्या अधिकाराचा जन्माशी असलेला संबंध तत्त्वतः तुटतो.

३) शेख महंमद व महिपती यांच्या ग्रंथांतून हा विचार अनुक्रमे धर्माच्या आणि व्यवसायाच्या सीमा ओलांडताना दिसतो.

४) गोरोबांच्या कथेतून ध्यान आणि संसारातील जबाबदारी यांतील ताण व्यक्त होतो. या परंपरेने तो ताण नाकारलेला नाही, म्हणूनच तिचा अभ्यास आजही उपयुक्त ठरतो.