पाण्याखालचा पहिला श्वास कुठे शिकावा?

मराठी माणसाला समुद्र नवा नाही. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले, पुढे आंग्र्यांच्या आरमाराने हा किनारा राखला आणि कोकणातल्या कोळी-गाबितांनी वारा, भरती-ओहोटी, माशांच्या वाटा यांचे ज्ञान पिढ्यानपिढ्या जपले. तरीही ही ओळख बहुतेकांसाठी पाण्याच्या वरची राहिली. खाली उतरून निवांत श्वास घेत हिंडण्याची सोय १९४३ मध्ये झाली. त्या वर्षी फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून हवी तेवढीच हवा तोंडाशी आणणारे उपकरण तयार केले. आज दहा वर्षांच्या मुलापासून निवृत्त आजोबांपर्यंत, प्रकृती धडधाकट असलेल्या कोणालाही ही विद्या शिकता येते. ती कुठे शिकावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

सुरुवातीलाच एक फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा. सुट्टीत तारकर्लीला जाऊन आलेली मंडळी ‘आम्ही स्कुबा केलं’ असे सांगतात, तेव्हा बहुधा त्यांनी अनुभव-डुबकी घेतलेली असते. त्यात प्रशिक्षक मागून टाकी धरून तुम्हाला नेतो. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि मासे पाहायचे. त्या दर्शनाला मी कमी लेखत नाही, अनेकांना गोडी तिथूनच लागते. पण शिकणे म्हणजे आपली हवा, आपली खोली आणि आपले कान स्वतः सांभाळता येणे. त्यासाठीचा पहिला अभ्यासक्रम म्हणजे ‘ओपन वॉटर’. तो पूर्ण झाला की सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळते. पॅडी, एसएसआय यांसारख्या संस्थांची ही प्रमाणपत्रे जगभर चालतात.

या अभ्यासक्रमाचे तीन टप्पे असतात: वाचन, उथळ व स्थिर पाण्यातला सराव आणि शेवटी समुद्रातल्या किमान चार डुबक्या. जागेची निवड करताना लोक तिसऱ्या टप्प्याचा विचार करतात. माझ्या मते कस लागतो तो दुसऱ्यात. मुखवट्यात पाणी शिरले की काय करायचे, हेच पाहा. वरची कड बोटांनी कपाळाशी दाबायची, नजर किंचित वर न्यायची आणि नाकातून सावकाश उच्छ्वास सोडायचा, की पाणी खालच्या कडेने निघून जाते. सांगायला ही तीन वाक्ये पुरतात. पण डोळ्यांत खारे पाणी झोंबत असताना, नाकाने श्वास ओढण्याची जन्मजात सवय मोडून हे करायचे असते. पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येक जण गडबडतो. कंबरभर पाण्यात गडबडला तर उठून उभा राहतो, हसतो, पुन्हा बसतो. पाचव्या-सहाव्या वेळी हाताला ते आपोआप जमते. तेवढी उजळणी करून घेणारी जागा, तीच चांगली जागा.

उजळणीचा हा आग्रह कशासाठी, तेही समजून घ्यावे. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. १० मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट फुगते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम. घाबरलेला माणूस नेमका श्वास रोखतो. भीती मोडते ती सरावाने, आणि सरावाला वेळ लागतो. पाण्याखालची खूणभाषाही अशीच मुरावी लागते. अंगठा वर केला की आपण ‘झकास’ समजतो. तिथे त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो.

आता जागांकडे वळू. अंदमानातल्या स्वराज द्वीपाचे, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकचे, पाणी नितळ आणि उबदार. शिकाऊ माणसाला शिक्षक लांबूनही दिसत राहतो, हा तिथला मोठा आधार. मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट आणि गोव्याचे ग्रांदे बेट आपल्याला जवळचे. मालवणला प्रवाळ आहेत, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. तिथले पाणी बरेचदा गढूळ असते, हे मान्य. पण आपल्या भाषेत शंका विचारता येणे ही नवशिक्यासाठी फार मोलाची गोष्ट आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात हे सारे बंद असते, तेव्हा ऑक्टोबर ते मे हाच काळ धरावा. पुण्या-मुंबईकरांना मी आणखी एक वाट सुचवीन: वाचन आणि तलावातला सराव शनिवार-रविवारी आपल्याच शहरात उरकावा आणि समुद्रातल्या डुबक्यांसाठी फक्त प्रवास करावा. नियमांत याची रीतसर सोय आहे.

जागेहून शिक्षक मोठा. पॅडीच्या नियमाप्रमाणे समुद्रात एका शिक्षकाकडे फार तर आठ शिकाऊ असू शकतात. तुम्ही चारच असतील असे ठिकाण शोधा. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे यांची लेखी विचारपूस न करताच पैसे घेणाऱ्याकडे जाऊ नका. संध्याकाळी केंद्रावर एक चक्कर मारून साहित्य गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घातले आहे का, ते बघा. ‘समुद्र खवळला तर काय करता?’ असेही विचारा. ‘त्या दिवशी उतरत नाही,’ असे चटकन सांगणारा माणूस आपला.

परतीचा बेतही याच निवडीत धरावा. अनेक डुबक्यांनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब घटला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ शकतो. मालवणहून गाडीने परतणाऱ्यांना हे ठाऊक नसते, पण आंबोलीचा घाटमाथाही ६०० मीटरहून उंच आहे. तेव्हा शेवटच्या डुबकीनंतर ती रात्र किनाऱ्यावरच काढा.

आणि तिकीट काढण्याआधी जवळच्या तलावावर जा. न थांबता २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे एवढे तुमच्याकडून कुठेही मागितले जाईल. त्याची तयारी याच आठवड्यात सुरू करता येईल.