महासाथ आणि आत्महत्येचे विचार

आत्महत्येचा विचार मनात येणे आणि आत्महत्या घडणे या दोन भिन्न गोष्टी होत. कोविडच्या काळात हा भेद ठळकपणे दिसून आला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या जून २०२० च्या पाहणीत १०.७ टक्के प्रौढांनी मागील तीस दिवसांत असा गंभीर विचार केल्याचे सांगितले. १८ ते २४ वयोगटात हे प्रमाण २५.५ टक्के, तर आप्तांची विनावेतन शुश्रूषा करणाऱ्या प्रौढांत ३०.७ टक्के होते. तरीही त्या वर्षी तेथील आत्महत्या घटल्या. २०२१ मध्ये त्या पुन्हा वाढल्या. भारतात मात्र नोंदलेल्या आत्महत्या २०१९ मधील १,३९,१२३ वरून २०२२ मध्ये १,७०,९२४ वर गेल्या.

साथ ओसरली तरी कर्ज, वियोग व एकाकीपणा ओसरतातच असे नाही. रुग्णाची आपण चौकशी करतो. त्याच्या उशाशी बसणाऱ्याची करतो का? अनेकजण पापाच्या भीतीने असा विचार दडवतात. वस्तुतः तीव्र मानसिक व्यथेमुळे व्यक्तीचे उत्तरदायित्व कमी होते, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मन मोकळे होते. शासनाची 'टेली मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.