नादुरुस्त लॅपटॉपमधील कूटबद्ध माहिती : दुरुस्तीइतकीच किल्लीही महत्त्वाची

लॅपटॉपवर पाणी सांडले, तो उंचावरून पडला किंवा त्याचा मदरबोर्ड जळाला, तरी त्यातील माहिती नष्ट झालीच असे नाही. मात्र डिस्क कूटबद्ध असल्यास दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात : डिस्क वाचता आली पाहिजे आणि तिची किल्ली उपलब्ध असली पाहिजे. पहिली अट तंत्रज्ञ पूर्ण करू शकतो. दुसरी बहुधा मालकाच्याच हाती असते.

विंडोजमधील बिटलॉकर, मॅकमधील फाइलव्हॉल्ट आणि लिनक्समधील लक्स या प्रणाली डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात साठवतात. त्यासाठी सामान्यतः १२८ किंवा २५६ बिटांची एईएस पद्धत वापरली जाते. १२८ बिटांच्या संभाव्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी भरते. त्यामुळे एकेक किल्ली पडताळून माहिती उघडणे अशक्यप्राय ठरते.

बिटलॉकरची किल्ली बहुधा टीपीएम या सुरक्षा चिपशी निगडित असते. मदरबोर्ड बदलल्यास किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, कार्यालयाच्या संगणक विभागाकडे किंवा छापील कागदावर मिळू शकते. लक्समध्ये डिस्कच्या आरंभीचा 'हेडर' खराब झाल्यास अचूक पासवर्डही निरुपयोगी ठरतो. म्हणून हेडरची प्रत वेगळी ठेवणे आवश्यक असते. टी२ किंवा ॲपल सिलिकॉन चिपच्या मॅकमध्ये साठवणूक त्याच संगणकाच्या सुरक्षा चिपशी बांधलेली असल्याने मूळ बोर्ड पुन्हा चालू करण्यावाचून सहसा पर्याय नसतो.

किल्ली हाताशी असण्याचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी जगाला दिसले. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. बिटलॉकर असलेल्या अनेक संगणकांच्या दुरुस्तीसाठी प्रत्येकाची स्वतंत्र किल्ली शोधावी लागली.

लॅपटॉप भिजल्यास तो तत्काळ बंद करावा आणि चार्जर लावू नये. विंडोज नव्याने टाकणे किंवा टीपीएममधील नोंदी पुसणे टाळावे. डिस्क वाचता येत असल्यास आधी तिची संपूर्ण प्रत काढून त्या प्रतीवरच पुनर्प्राप्तीचे काम केले जाते.

पुनर्प्राप्ती किल्ली लॅपटॉपबाहेर जपणे आणि महत्त्वाच्या माहितीची नियमित प्रत स्वतंत्र डिस्कवर ठेवणे, हीच खात्रीची खबरदारी होय.