हाइमवे

जर्मन भाषेंत ‘हाइमवे’ असा एक जोडशब्द आहे. ‘हाइम’ म्हणजे घर आणि ‘वे’ म्हणजे वेदना. आपण त्याचें भाषांतर ‘घरची ओढ’ असें करून मोकळे होतों. परंतु ओढींत जी गोडी असते ती मूळ शब्दांत नाहीं. कवींच्या हातीं येण्यापूर्वीं हा शब्द वैद्यांच्या टिपणांत वावरत होता व तेथें तो एका जीवघेण्या रोगाचें नांव होता.

इ. स. १६८८ मध्यें योहानेस होफर या तरुणानें बाझल येथें या रोगावर वैद्यकाचा प्रबंध लिहिला. लोकांच्या तोंडीं असलेल्या या शब्दास पंडितांत मान मिळावा, म्हणून परतणें व दुःख या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यानें ‘नोस्टाल्जिया’ हें नवें नांव घडविलें. बर्नहून बाझलला शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याची हकीगत तो सांगतो. हा विद्यार्थी झुरून मरणास टेकला होता. त्याला घरीं पाठवावयाचें ठरतांच त्याच्या जिवांत जीव आला, आणि शहर मागें टाकून कांहीं मैल जातो न जातो तोंच तो सुधारूं लागला. रुग्णालयांतील एक शेतकऱ्याची मुलगी तर औषध व अन्न दूर सारी आणि घरीं जावयाचें, यावांचून दुसरें कांहीं बोलत नसे.

परमुलखांत चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांचा तर हा रोगच मानला गेला. झुरिकच्या शॉइख्त्सर या विद्वानानें पुढें त्याचें खापर हवेवर फोडलें : पहाडावरील माणूस सखल प्रदेशांत आला, कीं जड हवेचा दाब त्याला सोसत नाहीं! गुराख्यांची धून कानीं पडतांच हे शिपाई रडत, पळून जात, मरतहि. म्हणून ती वाजविणारास देहदंड होता, असें रूसोनें १७६८ च्या आपल्या संगीतकोशांत लिहिलें आहे.

हवेला दोष देणें सोयीचें होतें. स्वित्झर्लंडमधील कॅंटनें परकीय राजांशीं करार करून आपले तरुण त्यांच्या पलटणींत धाडीत व त्याबद्दल त्या दरबारांकडून तनखे घेत. रोगाचा खरा उपाय होफरनें पहिल्याच प्रबंधांत सांगून ठेविला होता : रोग्यास घरीं पाठवा. विद्यार्थ्यास व त्या मुलीस तो लाभला. परंतु पैसे मोजून आणलेल्या शिपायास घरीं कोणी पाठवावें? औषध ठाऊक होतें. तें द्यावयाची कोणाची तयारी नव्हती. अखेर १८४८ च्या राज्यघटनेनें असे नवे करार करण्यास बंदी घातली.

जर्मन भाषेंत ‘एलेंड’ असा आणखी एक शब्द आहे. आज त्याचा अर्थ हालअपेष्टा असा होतो. पण फार पूर्वीं त्याचा अर्थ परका मुलूख, देशांतर एवढाच होता. देशांतर आणि दैन्य यांची ही सांगड भाषेनें होफरच्या कितीतरी आधीं घालून ठेविली होती. आज घराची आठवण येऊन आपण क्षणभर हळवे होतों, तेव्हां या शब्दाला ज्यांनीं आपल्या प्राणांची किंमत दिली, त्या अनाम शिपायांचेंहि स्मरण असावें.