हेमोडायलिसिसचे पाणी : शुद्धीकरण आणि क्लोरीनची तपासणी

हेमोडायलिसिससाठी (रक्त-अपोहनासाठी) लागणारे पाणी शुद्ध करणे आणि त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन उरलेले नाही याची प्रत्येक पाळीआधी खात्री करून घेणे, हा मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या उपचारातील सुरक्षेचा पाया आहे. नळाला येणारे पाणी पिण्यास उत्तम असले तरी ते डायलिसिसला चालत नाही. जो क्लोरीन गावाला कॉलरा, विषमज्वर आणि जुलाबापासून वाचवतो, तोच डायलिसिसवरील रुग्णाच्या रक्तपेशी फोडतो. म्हणून हे पाणी अनेक टप्प्यांतून न्यावे लागते. त्यातला क्लोरीन काढण्याचा टप्पा यंत्राच्या भरवशावर सोडता येत नाही. तिथे माणसाने स्वतः नमुना घेऊन पाहावे लागते.

पाण्याचे प्रमाण

डायलायझरमध्ये हजारो बारीक पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून रुग्णाचे रक्त वाहते आणि बाहेरून डायलिसेट हा द्रव. डायलिसेट म्हणजे बहुतांशी शुद्ध पाणीच असते. त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट इत्यादी क्षार ठरावीक प्रमाणात मिसळलेले असतात. मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत १२० लिटर डायलिसेट वापरला जातो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होत असेल, तर ३६० लिटर. निरोगी माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे धरले, तर आठवड्याला ते १४ लिटर होते. शिवाय त्याच्या पोटात गेलेले पाणी आतड्याच्या अस्तरातून निवडून शोषले जाते आणि नको ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. डायलिसिसच्या रुग्णाला यांपैकी एकही संरक्षण नसते. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो आणि लहान रेणू त्यातून दोन्ही दिशांनी जाऊ शकतात.

क्लोरीन आणि क्लोरामाइन

जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वायू, सोडियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर (टीसीएल) वापरून पाणी निर्जंतुक करतात. पाण्यात सुट्या राहिलेल्या क्लोरीनला मुक्त क्लोरीन म्हणतात. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी संयोग पावतो आणि क्लोरामाइन तयार होते. हा संयुक्त क्लोरीन. दोन्ही मिळून एकूण क्लोरीन होतो. अमेरिकेतील अनेक शहरांत लांबवर टिकणारे जंतुनाशक म्हणून क्लोरामाइन मुद्दाम तयार करतात. सांडपाणी मिसळलेल्या नदीच्या पाण्यात अमोनिया आधीच असतो, त्यामुळे तिथे नुसता क्लोरीन घातला तरी क्लोरामाइन आपोआप तयार होऊ शकते.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढा मुक्त अवशिष्ट क्लोरीन किमान असावा लागतो, आणि क्लोरामाइन ४ मिलिग्रॅमपर्यंत चालते. डायलिसिसच्या पाण्यासाठीच्या आयएसओ २३५०० या मानकमालिकेत मात्र एकूण क्लोरीनची कमाल मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. म्हणजे पिण्याच्या पाण्यात जेवढा क्लोरीन असलाच पाहिजे, त्याच्या निम्म्याहून अधिक इथे चालत नाही. क्लोरामाइनच्या बाबतीत ही मर्यादा चाळीसपट कडक ठरते.

रक्तावरील परिणाम

क्लोरामाइन डायलायझरच्या पडद्यातून सहज पार होऊन तांबड्या पेशींत शिरते. तिथे ते हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून प्राणवायू वाहून नेऊ न शकणारे मेथहिमोग्लोबिन बनते. ऑक्सिडीकरणापासून स्वतःला सावरण्याची पेशीची यंत्रणाही ते बंद पाडते आणि अखेर पेशी फुटतात. शहरी नळाच्या पाण्यातील क्लोरामाइनमुळे डायलिसिसच्या रुग्णांना असा रक्तक्षय होतो, हे मिनिॲपोलिस येथील संशोधकांनी १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. १९८७ साली फिलाडेल्फियातील एका केंद्रात क्लोरामाइनयुक्त पाणी रुग्णांपर्यंत पोहोचल्याने अनेकांना रक्त चढवावे लागले.

प्रमाण जास्त असेल तर रुग्णाला डायलिसिस चालू असतानाच धाप लागते, छाती, पाठ किंवा पोट दुखू लागते आणि नळीतील रक्ताचा रंग बदललेला दिसतो. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. अशा वेळी पंप थांबवून रक्तनळ्यांना क्लॅम्प लावतात आणि नळ्यांतील रक्त रुग्णाला परत देत नाहीत. प्रमाण थोडेच पण सततचे असेल, तर चित्र फसवे असते. केंद्रातील अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन हळूहळू उतरते, तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनची मात्रा वाढवत न्यावी लागते आणि दोष रुग्णांच्या आहारावर ढकलला जातो. एकाच केंद्रातील अनेकांचे हिमोग्लोबिन एकाच सुमारास घसरू लागले, तर आधी पाणी तपासले पाहिजे.

शुद्धीकरणाचे टप्पे

कच्चे पाणी प्रथम वाळूच्या गाळणीतून जाते; गाळ आणि गढूळपणा तिथे अडतो. सॉफ्टनरमधील रेझिन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन त्याबदल्यात सोडियम सोडते. ठरावीक काळाने मिठाचे पाणी सोडून हे रेझिन पुन्हा ताजे करतात. हे काम रुग्ण यंत्रावर असताना कधीही चालू होता कामा नये. त्यानंतर (काही रचनांत सॉफ्टनरच्या आधी) सक्रिय कार्बनच्या टाक्या असतात. पुढे ५ किंवा १ मायक्रॉनची कार्ट्रिज गाळणी, मग आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) आणि शेवटी शुद्ध पाणी यंत्रांपर्यंत नेणारा नळमार्ग, म्हणजे लूप.

आरओचा पडदा पाण्यातील बहुतेक क्षार, धातू, जिवाणू आणि जंतुविषे अडवतो. क्लोरीन आणि क्लोरामाइन मात्र त्याला पुरेसे अडवता येत नाहीत. उलट क्लोरीनमुळे हा पडदाच खराब होतो आणि मग इतर दूषितेही पुढे जाऊ लागतात. आरओवरील वाहकतामापकात आकडा उत्तम दिसला तरी क्लोरीनविषयी त्यातून काहीच कळत नाही, कारण तो मापक क्षार मोजतो. डायलिसिस यंत्रही डायलिसेटची वाहकता आणि तापमान पाहते, क्लोरीन पाहत नाही. सगळी भिस्त कार्बनवर आणि त्यानंतर घेतलेल्या नमुन्यावर असते.

कार्बनच्या टाक्या आणि संपर्ककाळ

कार्बनच्या पृष्ठभागावर क्लोरीनचे रूपांतर निरुपद्रवी क्लोराइडमध्ये होते. मुक्त क्लोरीनची ही क्रिया झटपट होते, पण क्लोरामाइनला वेळ लागतो. पाणी थंड असेल किंवा त्याचा सामू जास्त असेल तर आणखी वेळ लागतो. म्हणून एकामागे एक अशा दोन टाक्या जोडतात आणि प्रत्येक टाकीत पाण्याला किमान पाच, एकूण दहा मिनिटे मिळतील असे माप ठेवतात. कार्बनच्या आकारमानाला प्रवाहाच्या वेगाने भागले की हा संपर्ककाळ मिळतो. आरओला ताशी १,००० लिटर पाणी लागत असेल, तर मिनिटाचा प्रवाह सुमारे १६.७ लिटर होतो. दहा मिनिटांसाठी एकूण १६७ लिटर, म्हणजे प्रत्येक टाकीत सुमारे ८४ लिटर कार्बन हवा. हिशेब आरओत शिरणाऱ्या पाण्याचा करायचा असतो, आरओतून निघणाऱ्या शुद्ध पाण्याचा नव्हे. शिरलेल्या पाण्यापैकी निम्मे रिजेक्ट म्हणून जात असेल आणि माप केवळ शुद्ध पाण्यावरून घेतले, तर कार्बन गरजेच्या निम्माच भरला जातो. पिण्याच्या पाण्याच्या आरओला पुरणारी एकच छोटी कार्बन टाकी डायलिसिससाठी पुरेशी मानता येत नाही.

तपासणी

नमुना पहिल्या आणि दुसऱ्या टाकीच्या मधल्या तोटीतून घेतात. पहिल्या टाकीतून क्लोरीन निसटू लागला तर तो इथेच सापडतो आणि दुसरी टाकी रुग्णांच्या संरक्षणासाठी शिल्लक असते. संयंत्र निदान १५ मिनिटे चालल्यावरच नमुना घ्यावा. रात्रभर कार्बनमध्ये साचून राहिलेल्या पाण्याला भरपूर संपर्क मिळालेला असतो, त्यामुळे सकाळी तोटी उघडताच घेतलेला नमुना खोटा दिलासा देतो. पहिल्या रुग्णाला जोडण्यापूर्वी आणि त्यानंतर प्रत्येक पाळीपूर्वी तपासणी करतात. पाळ्या ठरलेल्या नसतील तर साधारण दर चार तासांनी करतात.

प्रचलित पद्धत डीपीडी या अभिकर्मकाची आहे. स्वच्छ काचनळीत नमुना घेऊन त्यात एकूण क्लोरीनची पूड किंवा गोळी टाकतात. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होते आणि छटेवरून किंवा रंगमापकावरून प्रमाण वाचतात. मुक्त क्लोरीनची गोळी वापरली तर क्लोरामाइन नजरेतून सुटते, म्हणून पाकिटावरील नाव पाहणे आवश्यक ठरते. ०.१ मिलिग्रॅम खात्रीने दाखवू शकेल एवढी सूक्ष्म पद्धत हवी. गोळ्यांची मुदत संपलेली नसावी, नमुना लगेच तपासावा आणि किटवर दिलेला वेळ थांबूनच वाचन करावे. छटा डोळ्यांनी जुळवायची असेल तर तपासणाऱ्याला रंगांधळेपणा नाही, हे आधी पाहून घेतात. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटताच उडून जातो आणि नमुना रंगहीन दिसतो, हेही तपासणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

पहिल्या टाकीनंतर ०.१ पेक्षा जास्त आकडा आला तर लगेच दुसऱ्या टाकीनंतरचा नमुना पाहतात. तिथे पाणी मर्यादेत असेल तर अधिक वारंवार तपासणी ठेवून काम काही काळ चालवता येते, मात्र पहिल्या टाकीतील कार्बन तातडीने बदलावा लागतो. दुसऱ्या टाकीनंतरही मर्यादा ओलांडली असेल तर डायलिसिस थांबवणे हा एकच मार्ग उरतो.

क्लोरीन गेल्यानंतर

कार्बननंतरच्या पाण्याला जंतूंपासून वाचवणारे काहीच उरत नाही. कार्बनचा थर, आरओ आणि लूप यांत जिवाणू वाढू शकतात. म्हणून लूपमध्ये पाणी साचणारी टोके ठेवत नाहीत, पाणी सतत फिरते ठेवतात आणि ठरल्या वेळी उष्णतेने किंवा रसायनांनी निर्जंतुकीकरण करतात. जिवाणूंची संख्या दर मिलिलिटरला १०० पेक्षा कमी आणि जंतुविष (एंडोटॉक्सिन) ०.२५ एककांपेक्षा कमी असावे लागते. यंत्र किंवा लूप हायपोक्लोराइटने धुतल्यास क्लोरीन नव्याने आत येतो, म्हणून भरपूर पाण्याने धुऊन तो पूर्ण निघाल्याची चाचणी घेतात.

इतर दूषिते आणि दुर्घटना

पाण्यातील ॲल्युमिनियममुळे डायलिसिसच्या रुग्णांना मेंदूविकार होतो, हे १९७० च्या दशकात डेन्व्हर येथील ॲल्फ्री व सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. तुरटीने निवळलेल्या पाण्याबाबत हे विशेष महत्त्वाचे आहे. १९९३ साली शिकागोत आयन काढणारे रेझिन संपून त्याने साठवलेले फ्लोराइड पाण्यात परत सोडले आणि तीन रुग्ण दगावले. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे जलाशयाचे पाणी पुरेशा प्रक्रियेविना टँकरने एका केंद्रात आणले गेले. त्यात नीलहरित शैवालांचे मायक्रोसिस्टिन हे विष होते. शंभर रुग्णांची यकृते निकामी झाली आणि ५२ मृत्यू या विषामुळे झाल्याचे मानले गेले.

महाराष्ट्रातील संदर्भ

२०१६ साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानंतर जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर डायलिसिसच्या सोयीला चालना मिळाली. महाराष्ट्रात एकाच केंद्राला वर्षभरात नळाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी वापरावे लागू शकते. बोअरचे पाणी कठीण असते, तर यवतमाळ, चंद्रपूर व नांदेडच्या काही भागांत त्यात फ्लोराइडही असते. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की क्लोरीनची मात्रा वाढवली जाते. टँकरमध्ये किती टीसीएल पडले, हे भरणाऱ्यालाच ठाऊक असते. गावात जलसुरक्षक करतो ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट पाण्यात क्लोरीन आहे याची खात्री करण्यासाठी असते. डायलिसिस केंद्राला तो नाही याची खात्री हवी असते, आणि ०.१ मिलिग्रॅमच्या मर्यादेसाठी ओटी टेस्ट वापरता येत नाही. स्रोत बदलला की त्याच पाळीला नव्याने तपासणी करणे आणि क्लोरीनची मात्रा वाढवण्यापूर्वी पाणीपुरवठा विभागाने केंद्राला कळवावे अशी लेखी व्यवस्था ठेवणे, या दोन गोष्टी कोणत्याही केंद्राला परवडण्यासारख्या आहेत.

जबाबदारी

तपासणीची वेळ, आकडा आणि तपासणाऱ्याची सही रजिस्टरमध्ये नोंदवतात. पाळी संपल्यावर एकदम भरलेल्या नोंदींना काहीच मोल नाही, कारण तोवर १२० लिटर पाणी प्रत्येक रुग्णाच्या रक्ताला लागून गेलेले असते. पाण्याच्या गुणवत्तेची अंतिम जबाबदारी केंद्राच्या वैद्यकीय प्रमुखाची असते, पण सकाळी तोटीपाशी उभा असतो तो टेक्निशियन. आकडा मर्यादेबाहेर दिसताच कोणालाही न विचारता पाळी थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी दिलेला असला पाहिजे. बाहेर रुग्ण खोळंबलेले असताना, उशीर झाला म्हणून बोलणी खावी लागणार नाहीत हे त्याला माहीत असेल, तरच ही तपासणी रुग्णाचे रक्षण करते.