अमळनेरच्या हद्दीपासून व्हीपीएनपर्यंत

शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा मुंबई–आग्रा महामार्ग आणि सुरत–भुसावळ लोहमार्ग या दोन्ही वाटांवर आहे. दळणवळणाची वाट एका मालकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाते तेव्हा काय करावे लागते, याचा इतिहास या लोहमार्गावर शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

तापी खोऱ्यातील हा मार्ग 1900 मध्ये पूर्ण झाला. सुरत ते अमळनेर हा भाग तापी व्हॅली रेल्वे कंपनीचा होता आणि बीबीसीआय रेल्वे तो चालवत असे. अमळनेर ते जळगाव हा जीआयपी रेल्वेचा फाटा होता. नरडाण्याहून जळगावकडे जाणारा माल अमळनेरला एका कंपनीकडून दुसरीकडे जाई. रूळ एकाच रुंदीचे होते, म्हणून डबे पुढे नेता येत. पण डबा कोणाचा, भाड्यात वाटा कोणाचा आणि नुकसानीची जबाबदारी कोणाची, हे कराराने ठरवावे लागे. त्यासाठी सर्व कंपन्यांना मान्य असे नियम घडले. 5 नोव्हेंबर 1951 रोजी पश्चिम आणि मध्य रेल्वे स्थापन झाल्या; बीबीसीआय पहिलीत आणि जीआयपी दुसरीत विलीन झाली. आज त्यांची हद्द जळगावजवळ आहे.

संगणकीय जाळ्यांपुढे हाच प्रश्न नव्या रूपात आला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले आणि 1998 च्या धोरणाने खासगी सेवादात्यांना वाट मोकळी केली. 2000 मध्ये स्थापन झालेल्या रेलटेल या रेल्वेच्या कंपनीने रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर टाकले. मालक अनेक झाले आणि हद्दीही वाढल्या.

दोन स्वतंत्र जाळ्यांनी एकमेकांना मार्ग कळवण्यासाठी 1989 मध्ये बीजीपी हा नियमसंच आला. एकाच जाळ्यावर अनेक ग्राहकांची खासगी वाहतूक वेगळी ठेवण्याची, म्हणजे व्हीपीएनची (आभासी खासगी जाळ्याची), पद्धत एरिक रोझेन आणि याकोव रेख्टर यांनी 1999 मध्ये मांडली. तिच्यात प्रत्येक ग्राहकासाठी व्हीआरएफ हा वेगळा मार्गतक्ता असतो. 32 बिटांच्या पत्त्याआधी 64 बिटांची खूण जोडली जाते, त्यामुळे दोन ग्राहकांचे पत्ते सारखे असले तरी त्यांचे मार्ग एकमेकांत मिसळत नाहीत.

या पद्धतीच्या 2006 च्या सुधारित आवृत्तीत दोन सेवादात्यांना जोडण्याच्या तीन रीती आहेत. पहिलीत हद्दीवरचे राउटर प्रत्येक व्हीपीएनसाठी वेगळी जोडणी ठेवतात. ही रीत सोपी आहे, पण ग्राहक वाढले की जोडण्याही वाढतात. दुसरीत एकाच बीजीपी जोडणीवरून सर्व व्हीपीएनचे मार्ग लेबलांसह (वाट ओळखण्याच्या खुणांसह) दिले जातात. तिसरीत हद्दीवरचे राउटर फक्त दूरच्या राउटरपर्यंतची वाट कळवतात आणि व्हीपीएनच्या मार्गांची देवाणघेवाण दोन्ही जाळी थेट करतात. तिसरी रीत सर्वांत जास्त विस्तार पेलते, पण तिला परस्परविश्वासही सर्वांत जास्त लागतो.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याची जोडणी एका सेवादात्याची आणि मुंबईच्या कार्यालयाची दुसऱ्याची असेल, तर कारखान्याच्या स्विचवर साधारणतः पहिल्या रीतीसारखीच मांडणी करतात. प्रत्येक विभागाला एक व्हीआरएफ, त्याला एक व्हीलॅन (आभासी स्थानिक जाळे) आणि त्यातच सेवादात्याशी बीजीपी शेजार जुळवतात. कोणते मार्ग द्यायचे-घ्यायचे याची गाळणी आणि मार्गांच्या संख्येची मर्यादाही त्याच वेळी लावतात. व्हीआरएफमुळे वाहतूक वेगळी राहते, पण ती कूटबद्ध होत नाही. गोपनीयता हवी असल्यास वरून आयपीसेक ही कूटबद्ध करण्याची पद्धत लागते.